परतीच्या गाडीचा दिवस

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुठं कुठं जाता? कुणी आजोळी जातं, कुणी कोकणात, कुणी महाबळेश्वरला. ज्यांना कुठंच जायचं नसतं, ते घरीच आंबे खाऊन कोयी मोजत बसतात! पण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जून महिन्यात एखाद्या शाळेत जा आणि हाच प्रश्न विचारून बघा. उत्तरं ऐकून तुम्हाला वाटेल, आपण चुकून भूगोलाच्या तासाला येऊन बसलो की काय!

"बाई, मी आग्र्याला गेलतो."

"मी कानपूरला."

"आम्ही अमृतसरला. सुवर्णमंदिर बघितलं!"

आणि मागच्या बाकावरून हळूच एक आवाज येतो, "मी त्रिशूरला. ते खाली आहे, केरळात."

तुम्ही म्हणाल, बाप रे, एवढी फिरणारी मुलं! खूप पैसेवाली असणार. तर तसं काही नाही बरं का. ही मुलं फिरायला गेलेली नसतात. ती आपल्या वडिलांना भेटायला गेलेली असतात. वर्षातले दहा महिने वडील तिकडं आणि मुलं इकडं. मग सुट्टी लागली, की आईबरोबर नाहीतर काकांबरोबर गाडीत बसायचं आणि महिनाभर वडिलांजवळ राहून यायचं. उत्तरेकडं जाणारी मुलं यात बरीच.

आज मी तुम्हाला त्या महिन्यातल्या एकाच दिवसाबद्दल सांगणार आहे. शेवटच्या दिवसाबद्दल. कारण हा दिवस फार अवघड असतो. आणि तो कसा घालवावा, हे शाळेच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

वडील इतक्या लांब का गेले?

आधी हे समजून घेऊ. महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि सह्याद्री शोधा. अरबी समुद्रावरून आलेले पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात आणि बहुतेक पाणी तिथंच सांडून मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतच असलेल्या आटपाडीला? तिथं बऱ्याच वर्षी पाचशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही! यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. आपल्याकडं सावलीत बसणं म्हणजे सुख. पण ही सावली मात्र दुष्काळाची.

याच मुलखातल्या माणसांची गोष्ट व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' या कादंबरीत लिहिली. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. त्या गोष्टीतला नायक एक तरुण शिक्षक आहे. मोठे झालात की जरूर वाचा.

पाऊस नाही म्हणजे पीक नाही, पीक नाही म्हणजे घरात दाणा नाही. मग इथल्या माणसांनी एक वेगळीच वाट धरली. ती गावोगावच्या सराफ बाजारांत गेली आणि सोनं-चांदी गाळण्याचं काम शिकली. याला 'गलाई' म्हणतात. एक भाऊ गेला, त्यानं दुसऱ्याला नेलं, दुसऱ्यानं मेहुण्याला, मेहुण्यानं शेजाऱ्याला. असं करत करत विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं पंजाबपासून केरळपर्यंत आणि बंगालपर्यंत पसरली. १९७२ च्या मोठ्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्याकडची म्हातारी माणसं आजही सांगतात. आता टेंभू योजनेमुळं कृष्णेचं पाणी आमच्या भागात आलंय. द्राक्षं आणि डाळिंबं पिकू लागलीत. पण पिढ्यान् पिढ्या बसलेला धंदा काही एका रात्रीत सोडता येत नाही. म्हणून वडील अजून तिकडंच आहेत.

राखेतून सोनं

गलाईचं काम म्हणजे नेमकं काय, हे मला मुलांनीच सांगितलं. सोन्याचे दागिने निव्वळ शुद्ध सोन्याचे नसतात. शुद्ध सोनं फार मऊ असतं, त्याची बांगडी केली तर ती वाकून जाईल. म्हणून त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. २२ कॅरेटच्या दागिन्यात हजारातले ९१६ भाग सोनं असतं. जुना दागिना मोडला, की त्यातलं सोनं पुन्हा वेगळं करावं लागतं. शिवाय सोनाराच्या दुकानातली केराची धूळसुद्धा कुणी फेकत नाही. तिच्यात सोन्या-चांदीचे बारीक कण असतात. गलाईवाला तीही गाळून देतो.

हे सगळं मुशीत घालून भट्टीत वितळवतात. मूस म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारं मातीचं भांडं. जोडीला टाकणखार घालतात, म्हणजे मळ वर येतो. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोनं १०६४ अंशाला. पाणी १०० अंशाला उकळतं, यावरून अंदाज करा! मग त्या सोन्यात तीनपट चांदी मिसळून सगळं शोऱ्याच्या आम्लात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी आणि तांबं त्यात विरघळतात. सोनं मात्र हटून बसतं! तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती भुकटी धुऊन पुन्हा वितळवली, की पिवळंधमक सोनं तयार.

आणि विरघळलेली चांदी? ती गेली का वाया? छे! त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडतात. तांबं विरघळू लागतं, पाणी निळं होतं आणि चांदी राखाडी गाळासारखी बाहेर येते. नववी-दहावीच्या विज्ञानात तुम्ही 'विस्थापन अभिक्रिया' शिकाल ना, ती हीच. आमच्या मुलांना ती वडिलांच्या दुकानामुळं आधीच ठाऊक असते.

पण हे काम सोपं नाही. आम्लातून तांबूस धूर निघतो आणि तो छातीला वाईट. म्हणून वडील मुलांना भट्टीपाशी फिरकू देत नाहीत. "तिकडं यायचं न्हाय," असं दरडावून सांगतात. मुलांना वाटतं, पप्पा रागावले. खरं तर तो राग नसतो, काळजी असते.

'उद्या जाऊ' चा महिना

गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना निबंध घातला होता, 'सुट्टीतला शेवटचा दिवस'. मला वाटलं होतं, मुलं मजेच्या चार ओळी लिहून वही मिटतील. पण काही मुलांनी तीन-तीन पानं लिहिली. त्यातल्या तिघांची हकिगत सांगते. तिघांचेही वडील आग्र्याला, किनारी बाजाराच्या आसपास गलाईचं काम करतात. मुलांची नावं मात्र मी सांगणार नाही. तसं कबूल केलंय त्यांना.

सुट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? भटकंती, आईस्क्रीम, धमाल. पण आग्र्याची सुट्टी म्हणजे दुकानाच्या माडीवरची एक खोली. बाहेर ४४-४५ अंशांचं ऊन आणि लू. लू म्हणजे उत्तरेकडचा उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा. दुपारी खिडकीसुद्धा उघडायची नाही. वडील सकाळी खाली जातात ते रात्रीच वर येतात. जेवतात आणि झोपतात. मुलं रोज विचारतात, "पप्पा, ताजमहाल कधी?" वडील रोज सांगतात, "उद्या जाऊ."

तरी मजाही असते बरं का. आपल्या पन्ह्याला तिथं 'आम पन्ना' म्हणतात. दशहरी आंबे चोखायला मिळतात. कोहळ्याचा पेठा कसा करतात, तेही बघायला मिळतं. कोहळ्याच्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात आणि मग पाकात शिजवतात. आणि भाषेच्या तर किती गमती! एका मुलाला शेजारच्या दुकानदारानं प्रेमानं विचारलं, "बेटा, तुम्हारी शिक्षा कैसी चल रही है?" हा घाबरला आणि म्हणाला, "मैंने कुछ नहीं किया!" कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडं शिक्षा म्हणजे छडी! दुकानदार पोट धरधरून हसला म्हणे.

असा महिना सरतो. उद्या, उद्या म्हणता म्हणता संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आलेला दिवस उजाडतो. ज्या 'उद्या'ला जायचं होतं, तो आज असतो.

शुक्रवारचा घोटाळा

पहिली हकिगत एका मुलीची. तिच्या वडिलांनी शेवटच्या दिवशी सकाळीच दुकान बंद ठेवलं आणि म्हणाले, "चला, ताजमहाल!" सगळे नटूनथटून निघाले. रिक्षावाला म्हणाला, "भाईसाब, आज शुक्रवार है." शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो! वडिलांचा चेहरा एवढासा झाला. दहा वर्षं त्या शहरात काढून ही गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नव्हती. कारण दहा वर्षांत ते स्वतः ताजमहाल बघायला कधी गेलेच नव्हते.

मुलीनं लिहिलंय, "मला रडू आलं होतं. पण पप्पांकडं बघून मी रडू गिळलं आणि म्हणाले, किल्ला बघू."

मग ते लाल किल्ल्याकडं वळले. आग्र्याच्या किल्ल्याच्या बाहेर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. आणि तिथं त्या वडिलांना एकदम कंठ फुटला! घरी फारसं न बोलणारा माणूस गोष्ट सांगू लागला. गोष्ट तुम्हालाही माहीत आहे. पण आज ती जरा वेगळ्या बाजूनं बघा.

१६६६ सालच्या मे महिन्यात महाराज आग्र्याला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर कोण होतं? शंभूराजे. वय जेमतेम नऊ वर्षं. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाएवढं! १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात महाराजांचा अपमान झाला आणि मग पहारे बसले. १७ ऑगस्टला महाराज त्या पहाऱ्यातून निसटले. पण सगळ्यांनी एकत्र पळणं धोक्याचं होतं. म्हणून महाराजांनी शंभूराजांना मथुरेला एका मराठी ब्राह्मण कुटुंबाकडं ठेवलं आणि स्वतः पुढं निघाले. शंभूराजे मागाहून सुखरूप राजगडावर पोचले.

"म्हंजे त्यांनाबी पोराला मागं ठेवून जावं लागलं," असं म्हणून वडील गप्प झाले. मुलीनं लिहिलंय, "तेव्हा पप्पा माझ्याकडं न बघता नदीकडं बघत होते."

किल्ल्याच्या सज्जातून यमुनेच्या वळणापलीकडं ताजमहाल दिसतो. याच किल्ल्यात औरंगजेबानं आपल्या वडिलांना, शहाजहानला, १६५८ पासून कैदेत ठेवलं होतं. १६६६ च्या जानेवारीत शहाजहान इथंच वारला. म्हणजे महाराज आग्र्याला येण्याआधी चारच महिने! लांबून ताजमहालाकडं बघत त्यानं शेवटची वर्षं काढली. वडिलांनी मुलीला खांद्यापाशी धरून तो लांबचा पांढरा घुमट दाखवला. जवळून बघणं राहिलं ते राहिलंच. पण निबंधाच्या शेवटी ती लिहिते, "ताजमहाल पुढच्या वर्षी पण तिथंच असेल. पप्पा एवढं बोलले ते मात्र पहिल्यांदाच."

काळ्या दगडावरची रेघ

दुसरा मुलगा जरा वेगळा. त्याला ताजमहाल-बिजमहाल काही नको होतं. शेवटच्या दिवशी सकाळी तो वडिलांच्या मागं लागला, "मला दुकानात बसायचंय." भट्टी त्या दिवशी पेटवायची नव्हती, म्हणून वडील हो म्हणाले.

वडिलांनी त्याला एक काळाकुळकुळीत गुळगुळीत दगड दाखवला. दागिना त्या दगडावर घासला, की सोन्याची रेघ उमटते. शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडायचा. हलक्या सोन्याची रेघ विटते, चोख सोन्याची टिकते. या दगडाचं नाव काय माहीत आहे? कसोटी! 'कसोटीला उतरणं' हा वाक्प्रचार आपण परीक्षेत पाच वेळा लिहितो. पण कसोटी हा खराखुरा दगड असतो, हे आमच्या वर्गाला त्या मुलानं सांगितलं. मलाही त्या दिवशी तो शब्द नव्यानं समजला.

दुपारपर्यंत तो दुकानात बसला. गिऱ्हाईक आलं, की वडील हिंदीत बोलायचे, गावाहून फोन आला, की मराठीत. एक म्हातारी बाई मोडकं पैंजण घेऊन आली. घासाघीस न करता तिनं ते वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मराठे भैया पर भरोसा है." मुलानं लिहिलंय, "पप्पा घरी नसतात म्हणजे कुठं असतात, ते मला कळलं. आता मी डोळे मिटले की मला ते दुकान दिसतं."

किती मोठी गोष्ट आहे ही! माणूस लांब असला, की आपल्याला त्याचा नुसता चेहरा आठवतो. पण तो कुठं बसतो, काय करतो, कुणाशी बोलतो हे माहीत झालं, की तो तेवढा लांब राहत नाही.

अबोला

आता तिसऱ्याची हकिगत. ही लिहायला मला जरा जड जातं. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांना ती आपलीच वाटेल.

या मुलानं शेवटच्या दिवशी वडिलांशी भांडण काढलं. कारण अगदी फुसकं होतं. त्याला बॅट हवी होती आणि वडील म्हणाले, "गावात घे." झालं! हा फुगून बसला. दुपारी जेवला नाही. वडिलांनी पेठ्याचा डबा बांधून आणला, त्याकडं बघितलं नाही. स्टेशनवर वडिलांनी डोक्यावरून हात फिरवला, तर यानं डोकं काढून घेतलं. गाडी सुटली तरी खिडकीतून हात हलवला नाही.

त्यानं लिहिलंय, "चंबळ आली तोवर मला राग होता. मग राग गेला आणि पोटात कसंतरी व्हायला लागलं." त्यानं आईचा फोन घेतला आणि वडिलांना लावला. लागेना. ग्वाल्हेरनंतर रेंज गेली. हा फोन हातात धरून तसाच जागा राहिला. झाशीला रेंज आली, तर स्क्रीनवर वडिलांचे सहा मिस कॉल. यानं लावला. पलीकडून वडील म्हणाले, "हॅलो." आणि याला काहीच सुचेना. शेवटी म्हणाला, "पप्पा, जेवलात का?"

वडील म्हणाले, "आता जेवतो."

बस्स. एवढंच बोलणं झालं. पण दोघांनाही सगळं समजलं.

मुलांनो, शेवटच्या दिवशी असं का होतं, सांगू? आपल्याला खरं तर 'मला जायचं नाही' असं म्हणायचं असतं. पण ते म्हटलं तर रडू येईल, अशी भीती वाटते. मग ते दुःख रागाचा सदरा घालून बाहेर येतं. बॅट हे नुसतं निमित्त. आणि ऐका, मोठ्या माणसांचंही असंच होतं. वडील त्या दिवशी उगाच बॅगा तपासतात, तिकीट चारदा काढून बघतात आणि "पाणी घेतलं का, चार्जर घेतला का" म्हणून खेकसतात. त्यांनाही म्हणायचं असतं, 'जाऊ नका'. म्हणून त्या दिवशी कुणी खेकसलं तर मनाला लावून घेऊ नका. आणि तुमच्या तोंडून काही वाकडं गेलं, तर झाशीची वाट बघू नका!

सात नद्यांची गाडी

सांगली-मिरजेकडं येणारी गोवा एक्सप्रेस दिल्लीच्या निजामुद्दीनहून निघते आणि आग्रा, झाशी, भोपाळ, मनमाड, पुण्यावरून आमच्याकडं येते. आग्र्यापासून एक रात्र आणि जवळपास एक अख्खा दिवस. या प्रवासात मुलांनी नुसतं खिडकीशी उदास बसून राहू नये, म्हणून मी त्यांना एक खेळ दिलाय. नद्या मोजायचा.

पहिली नदी यमुना. ती गाडीतून नाही, निघायच्या आधीच बघून घ्यायची! मग धोलपूर सोडल्यावर चंबळ. तिच्या दोन्ही काठांना घळीच घळी, त्यांना 'बीहड' म्हणतात. या नदीत घड्याळ नाही बरं का, घडियाल असतात! म्हणजे लांब नाकाडाच्या सुसरी. मग रात्री भोपाळ आणि इटारसीच्या मध्ये नर्मदा. तिच्यासाठी जागं राहावं लागतं आणि बहुतेक जण झोपतात! पहाटे भुसावळच्या अलीकडं तापी. मनमाड सोडल्यावर पुणतांब्याला गोदावरी. दौंडजवळ भीमा. आणि पुण्याच्या पुढं नीरा. झाल्या सात.

आता या सात नद्यांत एक गंमत लपलेली आहे. चंबळ उत्तरेकडं जाऊन यमुनेला मिळते. नर्मदा आणि तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडं जातात. गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं. भीमेला नीरा मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुन्हा पूर्वेकडं. सगळ्यांच्या दिशा वेगळ्या. पण चंबळेचं पाणी यमुनेतून गंगेला आणि गंगेतून बंगालच्या उपसागरातच जातं, जिथं आपली कृष्णा जाते. नकाशावर बोट ठेवून बघा. आग्र्याची यमुना आणि आमची कृष्णा शेवटी एकाच समुद्रात भेटतात!

तुमचा शेवटचा दिवस

तुमचे वडील किंवा आई नोकरीसाठी लांब असतील, मग ते सैन्यात असोत, रेल्वेत असोत किंवा परदेशी कुठं असोत, तर पुढच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी या चार गोष्टी करून बघा.

एक, त्यांच्या कामाच्या जागी तासभर बसून या. जमत नसेल तर निदान बाहेरून ती जागा बघून या.

दोन, पुढची भेट कधी, ते दोघांनी मिळून कॅलेंडरवर पेनानं लिहा. आमच्याकडं बरेच जण दसऱ्याला नाहीतर गावच्या यात्रेला येतात. 'लवकरच येईन' यापेक्षा 'दसऱ्याला येईन' हे बरं. दिवस मोजता येतात.

तीन, एक चिठ्ठी लिहा आणि त्यांना न सांगता उशीखाली नाहीतर दुकानाच्या गल्ल्यात ठेवून या. फोन रोज होतो, पण फोनवरचं बोलणं विरून जातं. चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवता येते.

चार, निघताना वळून बघा आणि हात हलवा. रडू आलं तर येऊ द्या. सोन्यालासुद्धा शुद्ध व्हायला वितळावं लागतं!

आणि ज्यांचे आईवडील रोज घरीच असतात, त्यांनाही एक सांगणं. जून महिन्यात तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा उशिरा येईल. त्याच्या बोलण्यात दोन-चार हिंदी शब्द घुसलेले असतील. त्याला 'भैया' म्हणून चिडवू नका. शेजारी बसवा आणि विचारा, "तुझे पप्पा कसे आहेत?" हा प्रश्न त्याला कुणीतरी विचारावा, असं त्याला फार वाटत असतं.

मागच्या दसऱ्याला गावी आलेल्या एका वडिलांना मी सहज विचारलं, "मुलं गेल्यावर त्या रात्री तुम्ही काय करता हो?" ते लाजले. मग म्हणाले, "काय न्हाय बाई. खोली रिकामी वाटती. मग मोबाईलवर गाडी कुठवर गेली ती बघत बसतो. नर्मदा वलांडली म्हणलं की जरा डोळा लागतो."